अंकाखालचा तीळ

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे, आणि नाण्यांमध्येही सगळ्यांत हलक्या किमतीचे. माझ्या बदल्यात आता काहीच मिळत नाही. दुकानदार मला हातात घेत नाहीत आणि भिकारीसुद्धा मला पाहून तोंड वाकडे करतो. रस्त्यात पडलेली मी तुम्हाला दिसले असते, तर तुम्ही वाकण्याचेही कष्ट घेतले नसते. पण एके काळी एका बाईची अब्रू माझ्या अंगावर होती, राईएवढ्या जागेत. ती मला राखता आली नाही. तीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, ही गोड नाही.

माझा जन्म टांकसाळीत झाला. तांब्यात थोडे कथील मिसळून केलेल्या पत्र्यातून माझी कोरी चकती पडली. मला भट्टीत तापवून मऊ केले, धुतले, वाळवले आणि चार नंबरच्या दाबयंत्राखाली ढकलले. तिथे दोन पोलादी ठसे असतात, एक वर आणि एक खाली. वरच्या ठशात धान्याचे कणीस उलटे कोरलेले होते आणि खालच्या ठशात किमतीचा अंक. लाडाकोडात वाढणे आमच्या नशिबी नसते. एका दणक्यात जन्मही होतो आणि नोकरीही सुरू होते.

माझ्या अंगावरच्या दोन खुणा मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर आहे. काम करून करून ठसेही थकतात. त्या दिवशी सकाळी वरच्या ठशाला केसाएवढी चीर पडली. चिरेत धातू शिरला आणि माझ्या कणसावर एक बारीक रेघ उठून आली. नंतर कोणी ओरखडले असते तर ती रेघ खोल गेली असती. ही वर आलेली होती, नखाला लागणारी. एवढ्यावरूनच जाणकार ओळखतो की ही जन्माची चूक आहे. खालच्या ठशाचाही एक कण त्याआधीच उडाला होता, त्यामुळे माझ्या अंकाखाली एक इवलासा उंचवटा आला. त्याला मी तीळ म्हणते. दुपारी बारा वाजता पाळी बदलताना तो खालचा ठसा काढून नवा बसवला गेला आणि तशी वहीत नोंदही झाली, ‘अंकाखाली कण उडाल्याने ठसा बदलला.’ वरचा चिरलेला ठसा मात्र तसाच राहिला. म्हणजे बघा, दुपारच्या नाण्यांवर चीर आहे पण तीळ नाही. ज्याच्या अंगावर चीर आणि तीळ दोन्ही आहेत, ते नाणे सकाळचेच.

त्या सकाळी तपासणीच्या टेबलावर कोणी नव्हते. सकाळच्या पाळीला तिथे बसणारी बाई आजारी होती आणि मुकादमाने बदली माणूस मागवला नव्हता. यंत्रावरच्या मिस्त्रीने चीर पाहिली आणि तो मुकादमाला घेऊन आला. मी तेव्हा पाच-पन्नास भावंडांबरोबर खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पडले होते.

“वरचा ठसा गेलाय,” मिस्त्री म्हणाला. “बंद करू का?”

मुकादमाने माझ्या शेजारचे एक नाणे उचलले, उजेडात धरले आणि परत टाकले. “आज थैल्या भरून द्यायच्यात. असल्या चिल्लरीला कोण भिंग लावतंय? चालू ठेव.”

यंत्र चालू राहिले. दुपारपर्यंत अकरा थैल्या भरल्या, तोंडे शिवली, शिक्के बसले. त्यांतल्या सातव्या थैलीत मी होते.

पुढचे मी पाहिले नाही, पण ज्या बाईवर ते गुदरले तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की पाठ झाले आहे. दुपारच्या पाळीला तपासणीच्या टेबलावर जी बसायची, तिला टांकसाळीत सगळे दुर्बीण म्हणत. नाव ठेवणाऱ्याने थट्टेत ठेवले असेल, पण खोटे ठेवले नव्हते. पट्ट्यावरून नाणी वाहत यायची आणि ही बोलता बोलता त्यांतले एकच उचलून बाजूच्या लोखंडी डब्यात टाकायची. कडा बसलेली नाही, छाप सरकलाय, चकतीचा तुकडा तुटलाय, असे कारण सांगायची आणि पुन्हा बोलणे जिथे सोडले तिथून धरायची. अकरा वर्षे तिने हेच केले. त्या दुपारी बसल्या बसल्या तिला कणसावरची रेघ दिसली. तिने डबा भरला, दुसरा भरला, मग उठून मुकादमाकडे गेली. त्याने तिला सांगितले, दिसतील तेवढी काढ. ती काढत राहिली. दुपारची बहुतेक नाणी तिने अडवली. सकाळच्या शिवलेल्या थैल्यांना तिचा हातच लागला नव्हता.

दोन महिन्यांनी बाजारात चिरेची नाणी दिसू लागली. जगात असेही शौकीन आहेत, जे धडधाकट नाण्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि चुकलेल्या नाण्याला शंभरपट मोल देतात. बोभाटा झाला. वरून विचारणा आली तेव्हा मुकादमाने लिहून दिले की चीर दुपारी पडली आणि तपासणाऱ्या बाईने शौकिनांना विकण्यासाठी नाणी मुद्दाम सोडली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मिस्त्रीला विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि आपल्याला आठवत नाही म्हणाला. त्यालाही घरदार होते. मी त्याला माफ केलेले नाही, पण कारण कळते.

तिच्या घराची झडती झाली. काही सापडले नाही. तरी चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला घरी बसवले. चौकशीचे घोंगडे जे भिजत पडले ते पडलेच. गल्लीत लोक तिच्याशी बोलत, पण तिची पाठ वळली की बोलणे थांबवत. किराणा दुकानदार तिने दिलेले नाणे दोनदा उलटून बघू लागला. तिने सदऱ्यांच्या कारखान्यात काजे आणि बटणे तपासण्याचे काम धरले. दोन टाके कमी असलेले बटण तिला हाताच्या अंतरावरून कळायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

ही सगळी वर्षे मी बाहेर फिरत होते, हे सांगायला मला लाज वाटते. मला काय माहीत, माझ्यावाचून कोणाचे अडले आहे ते. एका न्हाव्याच्या दुकानात लंगड्या खुर्चीच्या पायाखाली मी आठ महिने काढले. पडलेल्या पोराच्या कपाळावरचे टेंगूळ दाबायला मला वापरले. एका पोराने मला गिळले होते, तिथून मी कशी बाहेर आले ते विचारू नका. हाताहातांत घासून मी तांबूस-तपकिरी झाले. ती कांती वाईट नसते, मित्रांनो. आमच्यासारख्यांच्या अंगावर हळूहळू चढलेला तो पातळ थर आतल्या धातूला राखतो. माझी चीर शाबूत होती, तीळही शाबूत होता.

तिचा धाकटा भाऊ बसचा कंडक्टर होता. त्या दिवशी पाळीवर येताना तिने खालचा ठसा बदलताना पाहिला होता आणि वहीतली नोंदही वाचली होती, त्यावरून चीर आणि तीळ यांचा हिशेब तिने त्याला समजावून सांगितला होता. सकाळची पाळी संपली की तो नोटा देऊन आपल्या थैलीतली सुटी नाणी घ्यायचा आणि तडक बहिणीकडे यायचा. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरायची आणि एकेक नाणे अंगठ्याने उलटायची. आधी कणीस, मग अंक. चीर असलेली पुष्कळ सापडली, पण ती दुपारची, तिच्या डोळ्यांतून निसटलेली. तीळ असलेलीही सापडली, ती त्याच सकाळची, पण चीर पडण्याआधीची. दोन्ही एका अंगावर असलेले सापडेना. असे चार वर्षे चालले. भाऊ कधी कंटाळला नाही, फक्त एकदा म्हणाला, “ताई, तुझे डोळे जातील अशाने.”

“जाऊ देत. नाव तर परत येईल,” ती म्हणाली.

एका मंगळवारी दुपारी मी त्या चादरीवर पडले. तिचा अंगठा माझ्या कणसावरून गेला आणि थांबला. तिने मला उलटले. अंकाखाली बोट टेकवले आणि मूठ मिटली. तिची मुलगी शाळेतून आली तेव्हाही ती तशीच बसली होती, मला मुठीत धरून. मुलगी घाबरून म्हणाली, “आई, काय झालं?” तेव्हा कुठे तिने मूठ उघडली. इतक्या मायेने मला कोणीच कधी धरले नव्हते. आमच्या जातीला लोक मोजतात, धरत नाहीत.

तिने टांकसाळीला पत्र लिहिले की पुरावा मिळाला आहे. उत्तर आले, ‘पुरावा चौकशीच्या दिवशीच सादर करावा.’ फोटो काढून घेतला, पण त्यात तिळाच्या जागी नुसती चकाकी आली. भावाने मला पाहिले होते, पण भावाची साक्ष कोण धरणार? मग ठरले की मला चौकशीच्या दिवसापर्यंत जपून ठेवायचे. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने स्वतः साठवलेल्या पैशांतून बाजारातून एक पाकीट आणले, मऊ, पारदर्शक, घडी घालून बंद होणारे. नव्या प्लास्टिकचा उग्र वास त्याला येत होता.

“हवा लागणार नाही बघ ह्यात,” ती म्हणाली. आईने पाकीट बोटांत चोळून पाहिले आणि तिला शाबासकी दिली.

मला त्यात घातले. ते पाकीट लिफाफ्यात घातले, लिफाफा डिंकाने चिकटवला, वर दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि तारीख घेतली, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की नाणे बदलले. सह्या मोडतील म्हणून तो लिफाफा नंतर तिने उघडला नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली मला ठेवून कुलूप लावले.

आणि तिथे मी सडले. दुसरा शब्द नाही. ते मऊ प्लास्टिक उन्हाळ्यात तापले की घामेजायचे. त्या चिकट घामात आंबट विष असते, तांब्याला खाणारे. पहिल्या वर्षी माझ्या कडेला हिरवा चिकटा आला. दुसऱ्या वर्षी तो अंकापर्यंत पोहोचला. माझी तपकिरी कांती गेली, खालचा धातू उघडा पडला, त्यात बारीक खड्डे पडू लागले. बाहेर रोज कुलूप वाजायचे, तिचा हात घड्यांखाली येऊन लिफाफा चाचपायचा आणि निश्चिंत होऊन परत जायचा. मला ओरडता आले असते तर मी छप्पर डोक्यावर घेतले असते. तिसऱ्या उन्हाळ्यात तिळाच्या मुळाशी ओल शिरली. तो कसा सुटत गेला ते मला कणाकणाने कळत होते. दुखणे आम्हाला नसते म्हणतात. मला दुखले.

शेवटी चौकशीची तारीख आली. मोठी खोली होती, लांब टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि झाकण नसलेली शाईची बाटली. मधोमध चौकशी अधिकारी, एका बाजूला मुकादम. तो आता निवृत्त झाला होता, केस पांढरे झाले होते आणि जरा आजारीच दिसत होता. बाहेरून एक म्हातारा नाणेपारखी बोलावला होता. दाराजवळच्या बाकावर भाऊ आणि मुलगी बसले होते. दुर्बीण इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि लिफाफा तिने दोन्ही हातांत धरला होता.

तिने न अडखळता सगळे सांगितले. अधिकाऱ्याने ठसे बदलल्याची वही मागवली, नोंद वाचली आणि मान डोलावली. “म्हणजे चीर आणि हा उंचवटा एकाच नाण्यावर असला, तर तुम्ही म्हणता ते खरं. बरोबर?”

पारखी म्हणाला, “बरोबर. त्यात दुसरं काही निघत नाही.”

मुकादम खुर्चीत सावरून बसला. मी लिफाफ्यात होते, तरी त्याची खुर्ची करकरलेली ऐकली. सह्या तपासल्या, लिफाफा कापला. आंबूस वास सुटला आणि पाकीट मला चिकटलेलेच बाहेर आले. ते सोलून काढताना पारख्याच्या बोटांना हिरवे लागले. त्याने मला कोरड्या मऊ फडक्यावर ठेवले, डोळ्याला भिंग लावले आणि आधी कणीस पाहिले.

“चीर आहे. खरी आहे, ठशाची आहे.”

मग त्याने मला उलटले. तो फार वेळ बघत राहिला. दिव्याखाली नेले, तिरके धरले, पुन्हा सरळ धरले. माझ्या अंकाखाली एक हिरवा खड्डा होता.

“इथे काही होतं का, ते आता सांगता येत नाही,” तो म्हणाला. “असेलही. पण मी जे दिसतं तेच लिहिणार.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, हे असल्या पाकिटात का ठेवलंत? साध्या कागदात ठेवलं असतं तरी शंभर वर्षं टिकलं असतं.”

बाकावरून मुलगी उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती तोंड उघडणार तेवढ्यात आईने तिच्याकडे न बघताच सांगितले, “पाकीट मी आणलं. मीच घातलं त्यात.”

“नाण्यांतलं एवढं कळणारी बाई,” मुकादम म्हणाला, “आणि तिला हे कळू नये?”

इतकी वर्षे ती खरे बोलत होती आणि कोणी मानले नाही. हे एक खोटे मात्र सगळ्यांनी लगेच मानले आणि लिहूनही घेतले. निकालात तीन वाक्ये होती. बाईंचे म्हणणे सिद्ध होत नाही. पुराव्याची नासाडी त्यांच्याच हातून झाली आहे. शिवाय त्या दिवसाचे एक सदोष नाणे त्यांच्याच घरात, कुलपात मिळाले आहे. तिला वाचवायला मी गेले आणि तिच्याविरुद्धचा एकमेव पुरावा ठरले. त्या दिवशी मी वितळून गेले असते तर बरे झाले असते.

बाहेरच्या पायऱ्यांवर मुलगी रडू लागली. भाऊ दूर उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

“आई, तू का खोटं बोललीस? पाकीट मी आणलं होतं.”

“तू आणलंस, पण चोळून मी पाहिलं,” ती म्हणाली. “टेबलावर नाणं चार सेकंद असायचं माझ्यासमोर. नवंकोरं. मी नाणी जन्मताना पाहिली गं. म्हातारी होताना कधी पाहिलीच नाहीत.”

तिची नोकरी गेली, पुढे मिळायचे निवृत्तिवेतनही गेले. पण मला तिने फेकले नाही. त्या पारख्याने मला स्वच्छ करून दिले आणि जाता जाता तिला सांगितले की तसेच दुसरे नाणे मिळाले तर प्रकरण पुन्हा उघडता येईल, आपण स्वतः येऊन सांगू. ती पुन्हा चादर पसरू लागली. त्यानंतर आमच्या किमतीची नाणी बंद झाली. लोकांनी ती बँकांत नेऊन टाकली, बँकांनी पोती भरून टांकसाळीत वितळवायला धाडली. आता कंडक्टर मामाच्या थैलीत आम्ही येत नाही. मुलगी सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्यांकडे जाते आणि त्यांनी बाजूला काढलेली चिल्लर किलोच्या भावाने आणते. आईच्या एका डोळ्याला आता दिसत नाही, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. म्हणून ती बोटाने बघते. नाणे हाती घेण्याआधी माझ्या अंकाखाली बोट टेकवते, जागा पक्की करते, आणि मग दुसऱ्यावर तीच जागा चाचपते. माझ्या खड्ड्याचा आता एवढाच उपयोग उरला आहे.

मित्रांनो, त्या सकाळी अकरा थैल्या भरल्या होत्या. माझी सगळी भावंडे मेली नसतील. तुमच्या घरात बटणांच्या डब्यात, गादीखाली, जुन्या कोटाच्या फाटक्या खिशात एखादे असेल. कणसावर रेघ असली तर मला विसरा, पण ते उलटून बघा. अंकाखाली तीळ लागला तर घासू नका, राख लावू नका, चमकवू नका, आणि माझी शपथ आहे, प्लास्टिकमध्ये घालू नका. जे जपायचे ते कशाने मरते, हे आधी कोणाला तरी विचारा. नुसत्या मायेने जपलेले कसे होते, ते तुमच्यासमोर आहे. त्याला साध्या कोरड्या कागदात गुंडाळा आणि लगेच तिच्याकडे घेऊन निघा. टांकसाळीची भट्टी दर सोमवारी पेटते, आणि ज्या बोटाने ती बघते, त्या बोटाला आता बधिरपणा येऊ लागला आहे.